एक पूर्णांक सहा दशांश तास

आमच्या घरात वेळ मोजायच्या तीन पद्धती आहेत आणि प्रत्येकाला बाकीच्या दोन पद्धती म्हणजे शुद्ध अडाणीपणा वाटतो.

नवरा सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो "दीड तास लागेल" असं म्हणत नाही, "वन पॉइंट फाइव्ह अवर्स" म्हणतो, तेही कोथिंबीर आणायला निघताना. मी माजिवड्याच्या एका ऑफिसात बसून कारखान्यांतल्या लोकांच्या हजेरीचे तास काढते. कारखान्याचा सुपरवायझर ७.४५ असं लिहून पाठवतो. त्याला म्हणायचं असतं सात तास पंचेचाळीस मिनिटं. आमच्या कॉम्प्युटरला मात्र ते ७.७५ असं द्यावं लागतं, कारण त्याच्या लेखी तासाचे भाग साठ नसतात, शंभर असतात. मग पंचेचाळीसचे पंचाहत्तर करायचे, तीसचे पन्नास करायचे, पंधराचे पंचवीस. तासाचा एक दशांश म्हणजे सहा मिनिटं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. इतकी वर्षं हेच केल्यामुळे कोणी मध्ये टिंब देऊन वेळ लिहिली की माझ्या कपाळाला आठी पडते. हे टिंब नक्की कसलं आहे, घड्याळाचं की गणिताचं, ते कळेपर्यंत मला चैन पडत नाही.

तिसरी पद्धत सासूबाईंची. त्या मिनिटं हा शब्दच तोंडात येऊ देत नाहीत. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, एवढ्या भांडवलावर त्यांनी सगळा संसार केला. डाळ अर्धा तास, मच्छीवाली सव्वादहाला, दूधवाला साडेसहाला जरा कमी. या "जरा कमी"मध्ये तीन मिनिटं असतात की दहा, हे त्यांनाच ठाऊक. पण त्यांची डाळ कधी कच्ची राहिली नाही आणि मच्छीवाली कधी चुकली नाही, म्हणून मी त्या बाबतीत तोंड मिटून असते. इतर बाबतींत माझं तोंड फारसं मिटत नाही, असं सासरचं मत आहे.

आमचं घर ठाकुर्ली स्टेशनपासून खाडीकडे गेलं की लागणाऱ्या जुन्या आगरी गावात आहे. गाव म्हणजे आता चारी बाजूंनी टॉवर आणि मध्ये आम्ही. माझं माहेर ठाण्यातलं, खोपटचं. मूळ गाव कोकणात, पण तिकडे आम्ही मे महिन्यातच जायचो. त्यामुळे लग्न होऊन इथे आले तेव्हा गावकी, पालखी, सप्ताह हे सगळं मला नवीन होतं. विशेषतः सप्ताह. दर थंडीत गावच्या देवळात सात दिवस अखंड हरिनाम चालतं. रोज संध्याकाळी कीर्तन आणि मग जेवणावळी, पण खरा कणा असतो वीणेचा. पहिल्या दिवशी सकाळी सहा वाजता एकाच्या गळ्यात वीणा पडते आणि ती सात दिवस जमिनीला टेकत नाही. एकाने नाम घेत, तार छेडत उभं राहायचं. त्याची पाळी संपली की दुसऱ्याने येऊन वीणेच्या आणि त्याच्या पाया पडायचं आणि तार वाजती असतानाच पट्टा आपल्या गळ्यात घ्यायचा. याला पहारा म्हणतात. पहाऱ्यावरचा माणूस बसत नाही, वीणा खाली ठेवत नाही आणि दुसरा आल्याशिवाय जागा सोडत नाही. सप्ताहात बाकी काहीही बिघडलं तरी चालतं, भात करपला तरी लोक हसून खातात. वीणा मात्र थांबता कामा नये.

सासूबाईंना हा पहारा करायचा होता. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलंही नाही. भाविक बाई आहेत, असेल इच्छा, असं मी धरून चालले होते. आमच्या गावात पहारा पुरुषांचा. बायकांनी देऊळ झाडायचं, रांगोळ्या घालायच्या, तांदूळ निवडायचे, चहा उकळायचा, आणि वेळ उरला तर मागे बसून टाळ्या वाजवायच्या. आजूबाजूच्या काही गावांत दिवसाच्या पाळ्या बायका घेतात, हे त्यांनी माहेरी पाहिलं होतं. म्हणून दरवर्षी मीटिंगच्या आधी त्या कमिटीच्या अध्यक्षांना विचारायच्या, आणि अध्यक्ष दरवर्षी म्हणायचे, "बघू ना वयनी." ते नात्याने त्यांचे धाकटे दीर लागतात, त्यामुळे नाही म्हणायची हिंमत नव्हती, आणि हो म्हणायची तर त्याहून नव्हती.

गेल्या थंडीच्या आधी सासूबाईंचे गुडघे फारच धरले. डॉक्टरांनी ऑपरेशनचं सांगून ठेवलं. तेव्हा त्यांनी अध्यक्षांना बघूवर थांबू दिलं नाही. "औंदा उभी ऱ्हातंय. पुढल्या वर्साचा मना भरवसा नाय," असं त्यांच्या दारात उभ्या राहून सांगून आल्या. त्यांचं बघून आणखी दोघींनी नावं दिली. मीटिंगमध्ये बराच गलका झाला, असं नवरा सांगत आला. शेवटी ठरलं की तीन बायकांना दुपारच्या आसपासच्या पाळ्या द्यायच्या, पण एकाही पुरुषाची पाळी काढायची नाही. आणि जाता जाता अध्यक्षांनी एक वाक्य टाकलं, जे सगळ्यांनी नीट ऐकून ठेवलं: "पन काय गडबड झाली, वीना थांबली, त पुढल्या वर्सी परत नाव काराचा नाय."

म्हणजे सासूबाईंच्या गुडघ्यांवर आता फक्त सासूबाई उभ्या राहणार नव्हत्या.

आधी बारा जण दोन-दोन तास उभे राहायचे. बारा दुणे चोवीस, शाळेत न गेलेल्यालाही पाठ. आता झाले पंधरा. पाळ्या लावायचं काम नवऱ्याकडे आलं, कारण तो कॉम्प्युटरवाला. त्याने चोवीसला पंधराने भागलं, उत्तर आलं १.६, आणि प्रत्येक ओळीत ते मिळवत खाली खेचत नेलं. सकाळी ६, मग ७.६, ९.२, १०.८, दुपारी १२.४, २, ३.६, ५.२, असं करत कागद भरला. दुपारनंतरच्या आकड्यांतून बारा वजा केले, एवढी एक दया दाखवली. कागद छापून अध्यक्षांना दिला आणि अध्यक्षांनी तो देवळाच्या खांबाला चिकटवला. पुरुषांची सगळी कुरकुर आपल्या वाट्याच्या दोन तासांतून वेळ कापला यावर चालली होती. आदल्या वर्षापर्यंत हेच लोक दोन तासांत पाय मोडतात म्हणून ओरडायचे.

मी तो कागद पहिल्या दिवशी सकाळी पाहिला. रजा काढली होती, सासूबाईंना सोडायला-आणायला. खांबासमोर उभी राहिले आणि माझ्या कपाळाला जी आठी पडली ती संध्याकाळपर्यंत गेली नाही. सकाळचा दुसरा पहारेकरी ७.६ म्हणजे सात वाजून सहा मिनिटं समजून अर्धा तास आधी येऊन बसला होता. तिसऱ्याने ९.२ म्हणजे नऊ वीस धरलं. १०.८ असलेला गृहस्थ तर खांबाशी उभा राहून दहा ऐंशी कधी वाजतात, याचा विचार करत होता. सकाळी देवळात वर्दळ असते, म्हणून कोणी ना कोणी जागेवर होतं आणि निभावलं.

मी तिथूनच नवऱ्याला फोन लावला. "अरे, हे काय लिहिलंयस? तीन पॉइंट सहा?"

"तीन छत्तीस, त्यात काय? पॉइंट सहा गुणिले साठ," तो म्हणाला. "कोणालाही कळेल."

"कोणालाही कळलेलं नाहीये. लोक टिंब देऊन मिनिटं लिहितात रे. तीन तीस लिहिताना तू काय लिहितोस?"

मग म्हणाला, "मी मीटिंगमध्ये आहे, संध्याकाळी नवीन प्रिंट काढतो." मला त्या क्षणी त्याला देवळाच्या खांबालाच चिकटवावंसं वाटलं. पण त्याच्या शीटच्या नादी लागत बसण्यापेक्षा मी घरी जाऊन आधी सासूबाईंना नीट समजावलं. म्हटलं, "आई, तुमचं दोन ते तीन छत्तीस. साडेतीनला जरा जास्त. कागदावरचं तीन-सहा वाचू नका." त्यांनी मान डोलावली. मी पुन्हा सांगितलं. पुन्हा मान डोलावली.

दोनला थोडं कमी असताना आम्ही देवळात पोचलो. सासूबाईंनी नवं लुगडं नेसलं होतं, गुडघ्यांना आतून पट्टे बांधले होते. आधीच्या माणसाने वीणा त्यांच्या गळ्यात दिली तेव्हा देवळात आठ-दहा जण तरी होते, अध्यक्षही होते. सासूबाईंचा हात तारेवर पडला. मग आवाज लागला. मला वाटलं होतं तेवढ्या त्या घाबरल्या नव्हत्या. मी पाच-दहा मिनिटं थांबले आणि घरी आले, कारण मुलीला शाळेतून घेऊन जेवायला घालायचं होतं.

साडेतीनला परत गेले तर देऊळ रिकामं. दुपारी जेवून गाव आडवं होतं, हे मला माहीत असायला हवं होतं. मागे मंडपात भटारखान्यात दोघं-तिघं कांदे चिरत होते, आणि गाभाऱ्यासमोर सासूबाई एकट्या. चार पावलं पुढे, चार पावलं मागे. ओठ हलत होते, तार वाजत होती. मी पायरीवर बसले आणि घड्याळ बघत राहिले. तीन छत्तीस झाले. तीन चाळीस झाले. पुढची पाळी ज्यांची होती ते नवऱ्याचे चुलत काका, मवाळ माणूस, शेजारच्याच आळीत राहतात. ते येईनात. फोन केला तर बंद.

पावणेचारला सासूबाईंची पावलं चारची दोन झाली. मग त्या जागेवरच उभ्या राहून डावा पाय उजव्यावर, उजवा डाव्यावर असा भार बदलू लागल्या. गुडघा वाकवताना तोंडावर जे येत होतं ते नामात लपत नव्हतं. मला भीती वाटली, खरीखुरी भीती. ही बाई वीणेसकट खाली कोसळली तर काय करायचं? एक तर त्यांचं हाड मोडेल, आणि दुसरं म्हणजे सगळं गाव म्हणेल, बघा, पहिल्याच दिवशी. जणू तेवढ्यासाठीच अध्यक्ष मंडपातून आत आले. त्यांनी खांबावरचा कागद पाहिला, वीणा पाहिली, मला पाहिलं.

"पुढला मानूस कंचा? आयला नाय?" त्यांनी विचारलं. आणि उत्तराची वाट न बघता म्हणाले, "मी तवाच बोललो व्हतो."

"माणूस पुरुष आहे, अध्यक्षकाका," मी म्हटलं. "न आलेला माणूस पुरुष आहे." ते पुन्हा कागदाकडे वळले, पण पटलं म्हणून नव्हे.

मी सासूबाईंजवळ गेले आणि दोन्ही हात पुढे केले. "आई, द्या इकडे. मी उभी राहते काका येईपर्यंत." खरं तर माझ्या गळ्यात माळ नाही, देवावर माझा विश्वास सणासुदीपुरता. पण उभं राहायला काय लागतं? सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, वीणा छातीशी घट्ट धरली आणि मान हलवली. नाही. मी पुन्हा हात पुढे केले, तर त्या चक्क अर्ध्या वळल्या, माझ्याकडे पाठ करून.

मला ते लागलं. इतकी वर्षं या घरात राबतेय, आणि माझ्या हातून वीणा बाटणार? तोंडावर आलेलं गिळलं आणि तरातरा काकांच्या घरी गेले. अनवाणीच गेले, हे परत येताना कळलं.

काका ओट्यावर बसून निवांत बशीतून चहा पीत होते. स्वच्छ धोतर, कपाळाला बुक्का, सगळी तयारी. मला बघून दचकले.

"काका, तीन छत्तीसला यायचं होतं ना तुम्ही! आई कधीपासून उभ्या आहेत!"

"आँ? आयलो व्हतो ना मी," ते म्हणाले. "कागदावर तीन सहा हाय, म्हनून तीनलाच आयलो. वयनी बोलली, ह्या तीन साठ हाय, तीन साठ म्हंजे चार, चारला ये. मी बोललो बरा, चाय पिऊन येतंय."

"आईंनी सांगितलं? तीन साठ?"

"त मी काय खोटा बोलतंय का?" त्यांनी बशी खाली ठेवली. बिचारे खरंच घाबरले होते.

त्यांना घेऊन निघाले. चालताना डोक्यात एकच फिरत होतं: मी त्यांना दोनदा सांगितलं होतं. तीन छत्तीस, साडेतीनला जरा जास्त, त्यांच्याच भाषेत सांगितलं होतं. विसरल्या असतील? ज्या बाईला कोणत्या पोराचा जन्म किती वाजता झाला हे पाव तासाच्या हिशेबात आठवतं, ती बाई तीन छत्तीस विसरेल?

आम्ही देवळात शिरलो तेव्हा चार वाजून गेले होते. अध्यक्ष अजून तिथेच होते, आता दोन-चार माणसंही जमली होती. काका घाईघाईने वीणेच्या पाया पडले, वहिनीच्या पाया पडले. पट्टा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात गेला आणि तार एकदाही थांबली नाही. सासूबाईंनी खांबाचा आधार घेऊन नमस्कार केला. मी त्यांचं कोपर धरलं तेव्हा सबंध अंग कापत होतं. पण चेहरा मात्र... मला त्या चेहऱ्याचं काही कळेना. दुखणारी बाई इतकी खूश कशी दिसते?

अध्यक्षांना कोणाची तरी हजेरी घेणं भाग होतं. काकांनी सांगितलं, वयनी बोलली चार. सासूबाईंनी खांबावरच्या कागदाकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "पोराना तसाच लिवलाय." झालं. संध्याकाळी नवरा ऑफिसातून आला तो थेट मंडपात सापडला आणि सगळ्या गावाने त्याला धुऊन काढलं. इतका शिकलास, तुला साधी घड्याळाची वेळ लिहिता येत नाही? दहा ऐंशीवाल्या गृहस्थांनी तर जाहीर विचारलं की तुमच्या कंपनीत तास किती मिनिटांचा असतो. तो घरी आला तेव्हा कान लाल होते. मुकाट्याने बसून त्याने नवीन कागद केला: दुपारी २ वाजल्यापासून ३ वाजून ३६ मिनिटांपर्यंत, सगळं अक्षरांत. मला त्याची थोडी दया आली आणि बऱ्यापैकी आनंदही झाला.

कीर्तनाला जायच्या आधी मी सासूबाईंच्या गुडघ्यांना तेल लावायला बसले. दुपारचं माझ्या मनातून जात नव्हतं. मी सरळ विचारलं.

"आई, तुम्हाला तीन छत्तीस माहीत होतं ना?"

त्यांनी दाराकडे पाहिलं. नवरा आत होता. "म्हाईत व्हता गो," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तू दोनदा सांगलेलास."

"मग काकांना चारला ये का म्हणालात? आणि मी मागितली तर मला का दिली नाहीत? मला वाटलं..." काय वाटलं ते मला बोलवेना.

त्यांनी लुगड्याचा काठ गुडघ्यावरून जरा वर सरकवला. मग म्हणाल्या, "हातान वीना व्हती ना. कोनी काय काम सांगला नाय."

मला आधी कळलंच नाही.

"तो भटारखान्यातला मानूस आयला," त्या सांगू लागल्या, आणि सांगता सांगता हसायला लागल्या. "मीठ इचाराला आयला. माझ्यासमोर उभा ऱ्हायला, वीनेकरं बगला, न गेला. दुसऱ्याला इचारला. मंग तुझी पोर आयली, आजी म्हनून हाक मारली, न तीबी गेली. पोराना काय मांगला नाय, चाय कोनी मांगली नाय. लगीन झाल्यापासना पैल्यांदा गो. मी बोलले, आनखी थोरा ऱ्हावूदे."

तेलाची वाटी माझ्या हातात तशीच राहिली. मी दुपारभर त्यांच्या भक्तीचा, त्यांच्या गुडघ्यांचा, गावाच्या नाकाचा विचार करत होते. हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. मला त्यांचा राग येईना, हसूही येईना. मी त्यांचा दुसरा गुडघा पुढे घेतला. नवऱ्याला काही सांगितलं नाही. गावाचा मार त्याने खाल्लाच होता, आता उगाच त्यात आईंना कशाला ओढायचं?

दुसऱ्या दिवसापासून आमच्या गावाइतकं मिनिटांचं पक्कं गाव ठाणे जिल्ह्यात दुसरं नसेल. तीन पस्तीसला काका देवळाच्या पायरीवर हजर होते, हातात मोबाईल धरून आकडा बदलायची वाट बघत. मीही होते. सासूबाईंनी त्यांना पाहिलं. आज तीन साठ सांगायची सोय नव्हती. छत्तीस झाले, काकांनी पाया पडून पट्टा घेतला, सासूबाईंनी नमस्कार केला. त्या अजून पुरत्या उठल्याही नव्हत्या, एक हात जमिनीवर होता, तोच मंडपातून अध्यक्षांची हाक आली.

"वयनी, सुटल्याव का? चाय टाका गो जरा, पावने आयलेत."

"आयले, आयले," सासूबाई म्हणाल्या. जमिनीवर टेकलेल्या हातावर भार देऊन त्या उठायला लागल्या.

माझं डोकं फिरलं. "त्या येणार नाहीत," मी तिथूनच ओरडले, देवळात ओरडू नये हे माहीत असून. "चहा तुम्हीच टाका, अध्यक्षकाका. भांडं तिथंच आहे."

मंडपात कोणीतरी हसलं, आणि थोड्या वेळाने शेगडी पेटल्याचा आवाज आला. मी सासूबाईंना खांबाशी नेऊन बसवलं, पाय लांब करून दिले, पाठीशी माझी शाल घडी करून ठेवली. त्यांनी डोकं खांबाला टेकलं आणि डोळे मिटले. मिनिटभराने लगेच उघडले.

"कवरा येल बसू गो?" त्यांनी मला विचारलं.

घरातली सगळ्यात मोठी बाई, आणि सुनेला विचारतेय किती वेळ बसू. "वाटेल तेवढा बसा, आई," मी म्हटलं, आणि परत कोणी हाक मारायला आत येऊ नये म्हणून मंडपाकडच्या दारात जाऊन उभी राहिले.